दोर सुटण्याआधी: ‘नीलकमल’चा घटनाक्रम आणि मालवणचा धक्का

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे गेली. भारतीय न्याय संहिता लागू होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. बेदरकारपणे जलयान चालवण्याचे नवे कलम २८२ एवढ्या मोठ्या दुर्घटनेला लागल्याचे राज्याने त्याआधी पाहिले नव्हते.

हा घटनाक्रम मालवणच्या धक्क्यावर उभे राहून वाचायला हवा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या, तारकर्लीचे स्कुबा, देवबागच्या संगमावरची सफर, त्सुनामी बेट: इथल्या शेकडो घरांची चूल या बोटींवर पेटते, आणि बोटीत पाऊल टाकणारा पाहुणा बोटवाल्यावर विसंबून पाऊल टाकतो. समुद्रावरचा गुन्हा धडकेच्या क्षणी सुरू होतो, असे आपण धरून चालतो. कायदा तसे म्हणत नाही. तो कधी सुरू होतो, हे पाहण्यासाठी घड्याळ बरेच मागे न्यावे लागेल.

१६४ वर्षे आधी: ६ ऑक्टोबर १८६०

भारतीय दंड संहिता मंजूर झाली. १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. तिच्यात जलवाहतुकीसाठी दोन महत्त्वाची कलमे होती. कलम २८०: माणसाचा जीव धोक्यात येईल किंवा कुणाला दुखापत होण्याचा संभव असेल इतक्या बेदरकारपणे वा हयगयीने जलयान चालवणे. कलम २८२: जीव धोक्यात येईल अशा अवस्थेतल्या, किंवा तेवढी गर्दी वा माल भरलेल्या जलयानातून भाडे घेऊन माणसांना नेणे. दोन्हींना शिक्षा सारखीच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या दोन्ही कलमांत कुणी मरण्याची अट नाही. बोट उलटण्याचीही नाही. धोका निर्माण झाला की गुन्हा पुरा झाला. दुसरे कलम तर बोट चालवणाऱ्यापाशी थांबत नाही. जो नेतो तो, आणि जो नेण्याची व्यवस्था करतो तोही, दोघे त्याच्या कक्षेत येतात. मालक, ठेकेदार, तिकीट फाडणारा, यांतल्या कुणालाही ‘सुकाणू माझ्या हातात नव्हते’ एवढे म्हणून सुटता येत नाही.

७७ वर्षे आधी: १७ जुलै १९४७

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सकाळी, प्रवास जेमतेम सुरू झालेला असताना, बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळी समुद्र, खच्चून भरलेली बोट आणि एका बाजूला धावलेली गर्दी. कोकणातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. जास्त माणसे घेऊ नयेत, हे शिकायला कोकणी माणसाला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नव्हती.

अडीच वर्षे आधी: २४ मे २०२२, तारकर्ली

‘जय गजानन’ ही बोट स्कुबा डायव्हिंग करून आलेल्या २० पर्यटकांना घेऊन परतत होती. किनारा दिसत असताना ती उलटली. दोन पर्यटकांचा मृत्यू झाला, काहींना रुग्णालयात हलवावे लागले.

तारीख पाहा. दरवर्षी २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासी आणि पर्यटन जलवाहतूक बंद असते. म्हणजे हंगामाचे अखेरचे दोन दिवस उरले होते. मे संपत येताना समुद्राचा नूर बदलतो. सकाळी शांत असलेले पाणी दुपारच्या वाऱ्यानंतर तसे राहत नाही. उथळ भागात लाट फुटते, आणि बोट लाटेला आडवी सापडली की तिला सावरायला जागा उरत नाही. त्यात माणसे घाबरून एका बाजूला सरकली तर उलटायला काही क्षण पुरतात. हे तारकर्ली-देवबागच्या कुठल्याही जाणत्या खलाशाला तोंडपाठ आहे. म्हणून परतायची वेळ ठरवणे हा बोट चालवण्याच्या कौशल्याचाच भाग असतो. ‘अजून एक फेरी होईल’ हा निर्णय समुद्रात नव्हे, किनाऱ्यावर घेतला जातो.

ही घटना जुन्या कायद्याच्या काळातली. नव्या संहितेच्या कलम ३५८ नुसार जुन्या काळात घडलेल्या कृत्यांना जुनीच संहिता लागू राहते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० नुसार कृत्याच्या वेळी असलेल्या शिक्षेपेक्षा जास्त शिक्षा नंतर देता येत नाही. त्यामुळे २०२२ च्या तारकर्लीला २०२४ चा वाढीव दंड लागू शकत नाही.

१७० दिवस आधी: १ जुलै २०२४

मध्यरात्री भारतीय न्याय संहिता अमलात आली. पोलीस ठाण्यांत कलमांचे नवे तक्ते लागले. जलवाहतुकीच्या वाट्याला आलेला बदल असा:

जुने २८० झाले २८२. कैद सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे होती तेवढीच. दंड एक हजारावरून दहा हजारांपर्यंत.

जुने २८२ झाले २८४. कैद तेवढीच. दंड पाच हजारांपर्यंत.

जुने २८१, म्हणजे खोटा दिवा, खोटी खूण किंवा बोया दाखवून जहाजाची दिशाभूल करणे, झाले २८३. कैद सात वर्षांपर्यंत, शिवाय किमान दहा हजार रुपये दंड.

हयगयीने मृत्यू घडवण्याचे जुने ३०४-अ झाले १०६(१). इथे मात्र कैदेची मर्यादा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली.

या तक्त्यात कायद्याचा कल उघड दिसतो. माणूस मेल्यानंतरची शिक्षा अडीचपट झाली. माणूस मरण्याआधीच्या धोक्याची कैद १८६० मध्ये होती तिथेच राहिली. पाण्यावर माणसाला वाचवण्याची संधी धोक्याच्या टप्प्यावरच असते, त्यामुळे ही तफावत मला सर्वात जास्त टोचते.

१८ डिसेंबर २०२४, बुधवार. धडकेला तासभर बाकी

गेट वे ऑफ इंडिया. नाताळच्या सुट्ट्या जवळ आलेल्या, हवा कोरडी, पाणी शांत. घारापुरीला जाणाऱ्या बोटींत माणसे चढत आहेत. लहान मुले बरोबर असलेली कुटुंबे, परगावचे पर्यटक, काही परदेशी पाहुणे. तासाभराचा प्रवास, मग लेणी.

‘नीलकमल’चा परवाना होता ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांचा. एकूण ९०. पुढे नौदलाने दोन्ही बोटींवरच्या माणसांचा जो आकडा दिला तो ११३ होता, आणि त्यांतले सहा नौदलाच्या बोटीवर होते. म्हणजे ‘नीलकमल’वर १०७.

इथे घड्याळ थांबवून बघू. धडक झालेली नाही, बोटीने धक्का सोडलेला नाही. तरी एक प्रश्न उभा राहिला आहे: परवान्यापेक्षा १७ माणसे जास्त घेतलेली बोट ‘जीव धोक्यात येईल इतकी भरलेली’ ठरते का? कलम २८४ हाच प्रश्न विचारते. त्याचे अंतिम उत्तर न्यायालयाने द्यायचे. पण तो विचारण्याचा अधिकार धक्क्यावर उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसाला त्याच मिनिटाला होता.

दुपारी तीननंतर. दोर सुटला

बोट निघाली. सुरक्षा जॅकेटे अंगावर नव्हती, असे अनेक बचावलेल्या प्रवाशांनी नंतर सांगितले. शांत पाण्यात, सहलीच्या बोटीवर, उकाड्यात ते जाडजूड नारिंगी जॅकेट घालायला कुणाला आवडत नाही. बोटवाल्यालाही आग्रह धरणे जड जाते, कारण शेजारची बोट आग्रह धरत नसते. जॅकेट बाकाखाली असले की नियम पाळल्याचे समाधान मिळते. पण बोट कलल्यावर बाकाखाली हात घालायला, गाठ सोडायला आणि मुलाच्या गळ्यात ते अडकवायला वेळ मिळत नाही.

मुंबई बंदराचे हे पाणी देशातल्या सर्वात गजबजलेल्या पाण्यांपैकी आहे. नौदलाची जहाजे, नांगरलेली मालवाहू जहाजे, जवाहर द्वीपावरचे तेलाचे धक्के, उरणकडे जाणाऱ्या लाँच, मच्छीमारांच्या होड्या. घारापुरीची वाट या सगळ्यांमधून जाते.

धडकेच्या काही मिनिटे आधी

त्याच पाण्यात नौदलाची एक वेगवान बोट फिरत होती. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. तिच्यावर सहा जण: नौदलाचे दोघे आणि इंजिन पुरवणाऱ्या कंपनीचे चौघे.

‘नीलकमल’वरच्या एका प्रवाशाने मोबाइलवर घेतलेले चित्रण त्या संध्याकाळी देशभर पाहिले गेले. त्यात वेगवान बोट पाण्यावर मोठे वळण घेते, आणि मग सरळ प्रवासी बोटीच्या दिशेने येते. काही प्रवाशांना ते आधी कसरतीसारखे वाटले.

समुद्रावरच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले. पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जलयानाने सतत, डोळ्यांनी आणि कानांनी, टेहळणी ठेवावी. सहावा सांगतो की वेग इतकाच असावा की धडक टाळता येईल आणि योग्य अंतरात थांबता येईल. सभोवतालची गर्दी किती आहे, हे त्या वेगाच्या हिशेबात धरावेच लागते.

३ वाजून ५५ मिनिटे

जवाहर द्वीपाजवळ वेगवान बोट ‘नीलकमल’वर आदळली.

नौदलाने त्याच दिवशी सांगितले की इंजिनात बिघाड झाल्याने चाचणीदरम्यान बोटीवरचे नियंत्रण सुटले.

कायद्याच्या दृष्टीने खटल्याचा गाभा या एका विधानात आहे. ज्याच्या हातात सुकाणू होते त्याने वेग मुद्दाम कमी केला नाही, की इंजिनाने त्याचे ऐकले नाही? इंजिनाने ऐकले नसेल तर बेदरकारपणा कुठे उरतो? उत्तर शोधायला पुन्हा घड्याळ मागे न्यावे लागते. बिघडू शकते म्हणूनच इंजिनाची चाचणी घेतात. मग ती प्रवासी बोटींच्या वाटेजवळ, एवढ्या वेगात, एवढ्या कमी अंतरात का? हयगय धडकेच्या क्षणी हातात असते तशी ती जागा निवडण्यातही असू शकते. कलम २८२ मधले शब्द जलयान चालवण्याच्या रीतीबद्दल आहेत. चाचणीची जागा आणि वेळ ठरवणे त्या रीतीत कितपत येते, यावर या कलमाची खरी ताकद ठरणार आहे.

पुढची काही मिनिटे

बोटीत पाणी शिरले. पाणी एका बाजूला साचले की बोट त्या बाजूला कलते, कलली की माणसे घसरतात, माणसे घसरली की ती आणखी कलते. आता जॅकेट घाला असे सांगितले गेले. ज्यांच्या हाती ती लागली त्यांनी घातली. काही जण पाण्यात फेकले गेले, काही बोटीच्या वर आलेल्या भागाला धरून राहिले.

जवळ असलेल्या बोटी धावल्या. मुंबई बंदर प्राधिकरणाची पायलट बोट, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची गस्ती बोट, इतर प्रवासी लाँच. मग नौदलाच्या ११ बोटी, सागरी पोलिसांच्या तीन, तटरक्षक दलाची एक, आणि चार हेलिकॉप्टर. अनेकांना उरणजवळच्या जेएनपीए रुग्णालयात नेले. एवढी माणसे वाचली ती बुडण्याची जागा गजबजलेली होती म्हणून. हीच घटना देवबागच्या समोर घडली असती तर धावून आल्या असत्या आसपासच्या मच्छीमारांच्या होड्या. त्या येतातही, जिवावर उदार होऊन येतात. पण त्यांच्या येण्यावर भरवसा ठेवून कुणी माणसे बोटीत भरू नयेत.

सायंकाळी साडेसात

नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू होते. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तेथून साडेसातपर्यंतचा आकडा सांगितला: १३ मृत्यू. त्यांत नौदलाच्या बोटीवरचे तिघे. मृतांच्या वारसांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर झाली.

त्याच रात्री, कुलाबा पोलीस ठाणे

बचावलेल्या एका प्रवाशाच्या तक्रारीवरून वेगवान बोटीच्या चालकाविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. भारतीय न्याय संहितेची कलमे: १०६(१), हयगयीने मृत्यू. १२५, इतरांचा जीव धोक्यात घालणारी कृती आणि त्यातून झालेली दुखापत. २८२, बेदरकारपणे जलयान चालवणे. ३२४ ची पोटकलमे, मालमत्तेचे नुकसान.

त्या नोंदीत २८४ नव्हते. धडक देणाऱ्या बोटीबद्दलची तक्रार तशी असणे स्वाभाविक आहे. पण वाचकाने हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. कोण आदळले, हा एक. आदळल्यावर इतकी माणसे का बुडाली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कितीही स्पष्ट निघाले तरी दुसरा मिटत नाही.

नंतरचे तीन दिवस

शोध सुरू राहिला. बेपत्ता असलेल्यांत एक सात वर्षांचा मुलगा होता. त्याचा मृतदेह सापडला आणि मृतांचा आकडा १५ झाला. घारापुरीच्या बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. आदल्या आठवड्यापर्यंत बाकाखाली असलेली जॅकेटे प्रवाशांच्या अंगावर दिसू लागली. म्हणजे ती होती, घालायला लावणेही शक्य होते.

पाच महिन्यांनंतर: २५ मे २०२५, कोचीजवळ

‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर वाहणारे मालवाहू जहाज केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडाले. जहाजावरचे सर्व २४ जण वाचले. तरीही जूनमध्ये फोर्ट कोचीच्या सागरी पोलिसांनी गुन्हा नोंदला, आणि त्यात कलम २८२ होते.

बुडून कुणी मेले नव्हते, तरी कलम लागले. कायद्यात जे १८६० पासून लिहिलेले आहे ते एका सागरी पोलीस ठाण्याने वापरून दाखवले.

आता मालवण. कुठल्याही दिवशी सकाळी, बोट सुटायला दहा मिनिटे

धक्क्यावर पर्यटकांची रांग आहे. समोर कुरटे बेटावरचा किल्ला. बोट साधी आहे, तरी कायद्याच्या व्याख्येत बसते. संहितेनुसार पाण्यावरून माणसे किंवा माल नेण्यासाठी बनवलेली कोणतीही वस्तू जलयान असते. दोनशे मीटर लांबीचे जहाज जसे, तशी किल्ल्याची होडीही.

नऊ मिनिटे. डोकी मोजायची. मूल मांडीवर असले तरी ते डोके मोजायचे. पाण्यात बोटीला वजन कळते, तिकिटाचा दर कळत नाही. परवान्यातला आकडा बोटीच्या दर्शनी भागावर, पर्यटकाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असला, तर मोजायला दुसरे शंभर डोळे मिळतात.

सात मिनिटे. जॅकेट अंगावर, पट्टे आवळलेले. मुलांसाठी मुलांच्या मापाचे. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते.

पाच मिनिटे. वारा कुठून आहे, भरती किती चढली, परतताना लाट कुठे फुटेल, हे तांडेलाने पाहायचे, आणि फेरी रद्द करायचा अधिकार त्याच्याकडे राहायचा. मालक किनाऱ्यावरून फोन करून ‘जा’ म्हणाला, तर कलम २८४ मधला ‘नेण्याची व्यवस्था करणारा’ तो आहे, हे मालकाला माहीत असायला हवे.

दोन मिनिटे. धक्क्यावरच्या पोलिसाची पाळी. बेदरकारपणे जलयान चालवणे आणि धोकादायक गर्दीची बोट भाड्याने चालवणे, हे दोन्ही दखलपात्र गुन्हे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ सांगते की दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस अधिकारी मध्ये पडू शकतो, आणि आपल्या परीने तो रोखणे हे त्याचे कर्तव्यच आहे. त्याने वरून आदेश येण्याची किंवा बोट उलटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर मालवणात दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला, हंगाम आठ-नऊ महिन्यांचा, कर्जाचे हप्ते बारा महिन्यांचे. दुसरा, आम्ही नियम पाळतो आणि शेजारचा पाळत नाही, मग गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते. पण दुसऱ्या आक्षेपाला उत्तर धक्क्यावरची कारवाईच आहे. नियम सगळ्यांना सारखा लागला की तो पाळणाऱ्याचे नुकसान थांबते. आणि पहिल्याचे उत्तर तारकर्लीत मिळाले. एका बोटीच्या अपघाताची बातमी येते तेव्हा तिच्यात एका बोटीचे नाव असते, पण पर्यटक त्या किनाऱ्याचे नाव लक्षात ठेवतो.

शिक्षा वाढवा, अशी मागणी करणे सोपे आहे. सहा महिन्यांची कैद आजच्या काळाला अपुरी आहे, असे मलाही वाटते, आणि संसदेने ती पुन्हा तपासावी. पण हाताशी असलेले कलम मृत्यूनंतरच बाहेर काढायचे ठरवले तर शिक्षा दसपट करूनही त्या सात वर्षांच्या मुलाच्या वयाचे दुसरे मूल वाचत नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि मोजता येण्याजोगी आहे. दर ३१ मेला, जलवाहतूक बंद झाल्यावर, सिंधुदुर्ग पोलीस आणि महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड यांनी मिळून एक आकडा जाहीर करावा: या हंगामात एकही अपघात झालेला नसताना, केवळ जास्त माणसे भरली किंवा बोट धोकादायक होती म्हणून, कलम २८२ आणि २८४ खाली किती गुन्हे नोंदले आणि किती बोटी धक्क्यावरच थांबवल्या. तो आकडा शून्य आला तर मालवणच्या प्रत्येक बोटवाल्याने, हॉटेलवाल्याने आणि ग्रामपंचायतीने विचारावे, की सगळ्या बोटी नियमाने चालल्या, की कुणी मोजलेच नाही?